"उत्तर दिलंत तर कर्ज कबूल": वाड्यावाड्यांच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर

न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचं पत्र आलं तर काय करायचं, हे सांगणारा एक मेसेज सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावच्या ग्रुपांवर फिरतोय. सल्ला थोडक्यात असा: पाकीट घेऊच नका, पोस्टमनला परत न्यायला सांगा. उत्तर देऊ नका, उत्तर दिलं की कर्ज कबूल केल्यासारखं होतं. तीन वर्षं गेली की कर्ज आपोआप रद्द. कंपनीने तीस दिवसांत पुरावा दिला नाही तर दावा बाद. वसुली एजंटांवर रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. आणि एवढं करूनही पिच्छा सोडला नाही तर हजार-दोन हजार टाकून विषय मिटवा.

मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण हा सल्ला पाळणारा माणूस बरोब्बर तिथेच अडकतो, जिथे समोरच्याला तो अडकायला हवा असतो.

पाकिटापासून सुरुवात करू. आपल्याकडे निम्म्या घरांत आई-वडील गावाला आणि मुलगा मुंबईला. आधारवर पत्ता गावचा, म्हणून पत्र येतं गावाला. पोस्टमन पडवीतून हाक मारतो, "काकी, झिलाच्या नावाचा पाकीट इला हा, घेतास काय?" आणि काकी ग्रुपवर वाचलेलं आठवून नको म्हणतात. पत्र नाकारलं म्हणजे ते मिळालंच नाही, असं न्यायालय मानत नाही. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरायचं, ही तरतूद जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये १८९७ पासून आहे, आणि नाकारलेलं पाकीटही त्याच हिशेबात जातं. (रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे "स्पीड पोस्ट आहे, नोटीस नव्हे" हाही तर्क आता चालायचा नाही.) नाकारल्याने एवढंच होतं की आत काय लिहिलंय ते त्यांना माहीत असतं आणि आपल्याला नसतं. पाकीट घ्यावं, टपालाचा शिक्का दिसेल असे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि मुंबईला पाठवावेत.

आता मुख्य मुद्दा, उत्तर दिलं की कबुली. हे मुदतीच्या कायद्यातल्या, म्हणजे लिमिटेशन ॲक्ट १९६३ च्या, कलम १८ वरून उचललेलं दिसतं. ते कलम सांगतं की दावा लावायची मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून लेखी देणं मान्य केलं, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजायची. म्हणजे बाधक ठरते ती मान्यता. नुसतं उत्तर नव्हे.

गंमत अशी की मान्यता आपल्या लोकांकडून भलत्याच वाटेने दिली जाते. "सध्या मासेमारी बंद आहे, ऑगस्टात बोटी समुद्रात गेल्या की बघतो." "औंदा मोहोर करपला, पुढच्या हंगामात काय ते करू." माणूस सौजन्याने वेळ मारून नेत असतो, पण कागदावर त्याचा अर्थ होतो की देणं आहे, फक्त आज पैसे नाहीत. कायदा तर असंही म्हणतो की "देणार नाही" असं ठणकावून लिहिलं, पण देणं असल्याचं त्यातून दिसलं, तरी ती मान्यताच. तेव्हा उत्तर द्यायचं ते नकाराचं, आणि त्यात गाऱ्हाणं घालायचं नाही. साधारण असं:

"आपल्या दि. … च्या पत्रातील कर्ज मी घेतलेले नाही व त्यास मी जामीनही राहिलेलो नाही. आपली मागणी मला अमान्य आहे. सही केलेला करारनामा, कर्जखात्याचा संपूर्ण उतारा, केवायसीची कागदपत्रे, कर्जाची रक्कम कोणत्या बँक खात्यात कोणत्या तारखेस जमा झाली त्याचा तपशील, आणि वसुलीसाठी आपणांस मिळालेले अधिकारपत्र यांच्या प्रती पाठवाव्यात. हे पत्र कोणत्याही देण्याची कबुली नाही."

यातला बँक खात्याचा प्रश्न सगळ्यात धारदार. मोबाइल ॲपवरून दिलेल्या कर्जाचे पैसे, मोजके अपवाद सोडता, थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा झाले पाहिजेत, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. पैसे तुमच्या खात्यात आलेच नसतील तर कुठे गेले, याचं उत्तर त्यांनी द्यायचं. पत्रासोबत आधार-पॅनच्या प्रती जोडू नयेत. कागद आपण मागतोय. आणि पत्र पाठवायचं ते वसुलीवाल्याबरोबरच मूळ बँकेला किंवा फायनान्स कंपनीलाही, तिचा पत्ता तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढून. नोटिशीवर छापलेल्या नंबरवर भरवसा ठेवू नये.

देवगड भागातल्या एका आंबा बागायतदाराने दाखवलेलं पत्र आठवतं. दोन पानी, इंग्रजी, वर लाल चौकटीत "अंतिम सूचना", खाली क्यूआर कोड आणि आज संध्याकाळपर्यंतची मुदत. नाव बरोबर, आडनाव बरोबर, गाव बरोबर. मधलं, म्हणजे वडिलांचं नाव मात्र दुसरंच, आणि पत्त्यात वाडीच नाही. त्याच गावात त्याच नावा-आडनावाचा माणूस दुसऱ्या वाडीत राहतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कंपनीच्या संगणकाला नाही. मेसेजप्रमाणे हा गप्प बसला असता तर ते कर्ज याच्याच नावावर राहिलं असतं.

मात्र "मी घेतलेलं नाही" लिहिण्याआधी एकदा आठवून पाहावं. कोकणात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि जामीनकीची सही आपण चहा पिता पिता करतो, चुलतभावाच्या रिक्षेसाठी, मेव्हण्याच्या जाळ्या-इंजिनासाठी. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आणि पतसंस्थेला दिवाणी दाव्याची वाटही धरावी लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. तो दाखला देण्याआधीच्या चौकशीची नोटीस "अनोळखी" म्हणून परत पाठवणं फार महागात पडतं. वडिलांचं कर्ज असेल तर वारसाची जबाबदारी त्यांच्याकडून आलेल्या मिळकतीपुरतीच, स्वतःच्या कमाईतून नाही. तसंच, नाव अनोळखी म्हणजे कर्ज अनोळखी असं नसतं. थकलेली कर्जं बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, आणि पत्र त्या नव्या नावाने येतं.

तीन वर्षांचं म्हणणं अर्धवट खरं आहे. साध्या, विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. ती गेली की दाव्याचा रस्ता बंद होतो. कर्ज पुसलं जात नाही आणि क्रेडिट रिपोर्टवरची, म्हणजे आपल्या कर्जांच्या इतिहासातली, नोंद त्यामुळे निघत नाही. घर-बाग गहाण असेल तर त्या तारणावरच्या दाव्याला बारा वर्षं.

तीस दिवसांचा नियम खरा आहे, फक्त अमेरिकेत. तिथल्या १९७७ च्या कर्जवसुली कायद्यात असं आहे की पहिल्या सूचनेनंतर तीस दिवसांत लेखी हरकत घेतली तर पडताळणी देईपर्यंत वसुलीवाल्याने थांबायचं. कुणीतरी तिकडचा व्हिडिओ पाहून मराठी केलं आणि तेही उलटं: तीस दिवस हरकत घेणाऱ्याला आहेत, कंपनीला नव्हेत. आपल्याकडचे तीस दिवस वेगळे. बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८. पतसंस्था मात्र यात येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खात्याचं निबंधक कार्यालय.

क्रेडिट रिपोर्टचंही तसंच. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. तो काढला की आपल्या नावावर काय आहे ते कळतं. चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्ज कुणी आपल्या कागदपत्रांवर उचललं असेल तर १९३० वर सायबर तक्रारही करावी, आणि तिचा क्रमांक बँकेच्या पत्रात घालावा.

एजंटांवर बंदी नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी आणि बदनामी करायची नाही, ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र जवळ हवं, एवढं बंधन आहे. दारात आलेल्याकडे ते मागावं.

राहिला हजार-दोन हजारांचा तोडगा. पूर्ण मेसेजमध्ये मला सगळ्यात राग याचा येतो. पैसे भामट्याला गेले तर ते गेलेच, वर आपला नंबर "देणारा" म्हणून त्याच्या यादीत चढतो. आणि मागणारा खरा असेल तर मुदतीच्या आत भरलेल्या अशा रकमेची आपल्या सहीची किंवा हस्ताक्षराची नोंद राहिली की मुदतीच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत नव्याने सुरू. मुदत संपलेल्या कर्जाबाबतही "बाकीचे देईन" असं सही करून लिहून दिलं, तर तो वेगळा करार म्हणून बांधून ठेवतो. उत्तराला घाबरायचं आणि पैसे मात्र भरायचे, हा कुठला हिशेब?

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. वकिलाची किंवा एजन्सीची नोटीस वेगळी आणि न्यायालयाचं समन्स वेगळं. समन्सवर न्यायालयाचं नाव, दावा क्रमांक, हजर राहायची तारीख आणि शिक्का असतो. त्याला गैरहजर राहिलं की एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो, मग कर्ज आपलं होतं की नव्हतं हे सांगायला उशीर झालेला असतो. समरी, म्हणजे झटपट चालणाऱ्या, दाव्यात तर हजेरी नोंदवायला दहाच दिवस मिळतात. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना पाकीटही सोबत न्यावं, कारण पत्र कधी मिळालं हे त्यावरच्या शिक्क्यावरूनच दिसतं.