खुलासा : शेतजमीन वाटेल त्याला विकत घेता येत नाही

‘शेतजमिनीचा कायदा उठला, आता मुंबई-पुण्याचे पैसेवाले वावरं घेतील अन् आपल्याला खायला ज्वारी उरणार नाही,’ असा मेसेज विदर्भात गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो खोटा आहे. विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट (कुळे व शेतजमीन) कायद्याचे कलम ८९ कायम आहे : शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. उद्योगासाठी जमीन घ्यायच्या सवलती आहेत, पण त्या जुन्याच. कोरडवाहू जमीन किती बाळगता येते, याची ५४ एकरांची कमाल मर्यादाही आहेच.

ज्वारीची काळजी मात्र खरी आहे. पण ज्वारी सातबाऱ्यावरचा मालक बदलल्याने गेली नाही. शेतकऱ्याच्याच वावरात कपाशी-सोयाबीन आलं, कारण ज्वारीला भाव नाही आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत. ही भीती घालून कोणी वावर स्वस्तात मागत असेल, तर सौद्याआधी तलाठ्याला भेटा.