मुंबई–न्यूयॉर्कच्या ‘वळशा’चं फॉरवर्ड

मुलं अमेरिकेत असलेल्या आईबाबांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय. त्यात तीन दावे आहेत. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना विमान भाडं वाढवायला मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतं. जायला सोळा तास आणि यायला चौदा लागतात, ते पृथ्वी फिरते म्हणून. आणि 12,500 किलोमीटरला ताशी 900 च्या वेगाने चौदाच तास होतात, मग वरचे दोन तास कंपनीने ढापले!

पहिला दावा. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो, थेट 65 अंश अक्षांशाच्या आसपास, आइसलंडच्या उंचीला. हे अंतर 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेली ‘सरळ’ रेघ उडायची म्हटली तर भरतात सुमारे 14,200. म्हणजे वळसा पट्टीवाल्यांचाच.

दुसरा दावा तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर तिचा वेग ताशी सुमारे 1,580 किलोमीटर. हवा सोबत फिरत नसती तर न्यूयॉर्कच विमानाकडे धावत आलं असतं आणि जाणं झटपट झालं असतं! हवा मात्र जमिनीबरोबरच फिरते. फरक पडतो तो दहाएक किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे, म्हणजे जेट स्ट्रीममुळे. (त्या वाऱ्यांना दिशा मिळते ती पृथ्वीच्या फिरण्यातूनच, एवढं श्रेय फॉरवर्डला देऊन टाकू.) फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान याच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं, एरवी सहा-सात लागतात. त्याहून बोलकं उदाहरण एअर इंडियाचं. 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेच्या दिशेने नेलं. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून पंधरा हजारांच्या वर गेलं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ वाचला.

उरले ते दोन तास. ताशी 900 हा हवेच्या तुलनेतला वेग. समोरून सरासरी 80 चा वारा धरा, जमिनीच्या तुलनेत वेग 820 राहतो आणि सव्वापंधरा तास तिथेच होतात. शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, धावपट्टीकडे रांगेत सरकणंही त्यातच.

खरा वळसा कधी पडतो, तेही सांगतो. मुंबईहून निघालेला तो दोरा कच्छ ओलांडून सिंधवरून जातो. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून लांबून जावं लागलं. त्यात कंपन्यांची कमाई कसली? जास्तीच्या इंधनाचं बिल आधी त्यांच्याच माथी आलं.