योग्य पर्याय निवडा

सर्वप्रथम अभिनंदन. बाजार वर गेला की आपल्याकडे दोन जातीची माणसं वाढीला लागतात: पैसे गुंतवणारी, आणि ते कुठे गुंतवावेत हे सांगणारी. तुम्ही दुसऱ्या जातीत जायचं ठरवलंत, हे बरं केलंत. पहिल्या जातीत स्वतःचे पैसे लागतात.

आता सल्लागार व्हायला परीक्षा द्यायलाच हवी का, हा प्रश्न आधी निकालात काढू. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३ साली आले. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर नोंदणी हवी, आणि नोंदणी हवी तर परीक्षा. पण ही झाली सरळमार्गी माणसांची गोष्ट. मोबाइल उभा धरून, मागे शेअरच्या भावांचा हिरव्या-लाल मेणबत्त्यांचा चार्ट लावून, 'हे केवळ शैक्षणिक हेतूने' एवढं एक वाक्य म्हणता येत असेल तर तुम्हाला परीक्षेची गरज आजवर कधी पडली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं परिपत्रक काढलं की शिकवणाऱ्यांनी शेअरचे गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत. त्यामुळे शिक्षणाचा हेतू जरा अवघड झाला आहे. तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि डोंबिवली फास्टच्या चौथ्या सीटवर अजून नोंदणी लागत नाही. तेवढ्यावर भागत असेल तर इथेच थांबा.

थांबणार नसाल तर कोणती परीक्षा द्यायची ते ठरवा. विमा एजंटाची परीक्षा एक तासाची, पन्नास प्रश्न, ३५ टक्क्यांना पास. एनआयएसएम या सेबीनं काढलेल्या संस्थेची सिरीज फाइव्ह-ए, म्हणजे म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाची, दोन तास, १०० गुण, ५० टक्क्यांना पास, चुकलं तरी गुण कापत नाहीत. आणि खऱ्याखुऱ्या सल्लागाराची? टेन-ए आणि टेन-बी असे दोन पेपर, प्रत्येकी तीन तास, १५० गुण, ६० टक्क्यांना पास. वर उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण वजा.

कागद घेऊन बाजूला तिघांची कमाई कशी होते तेही लिहा. विमा एजंटाला कंपनी कमिशन देते, ते हप्त्यात मिसळलेलं, गिऱ्हाइकाला दिसत नाही. वितरकाला फंड घराणं कमिशन देतं, ते फंडाच्या खर्चाच्या टक्क्यात मुरलेलं, तेही दिसत नाही. सल्लागारानं मात्र कमिशनला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, 'माझी फी अमुक इतकी' असं म्हणायचं. परीक्षा जसजशी अवघड होत जाते तसतसे पैसे मागणंही अवघड होत जातं, अशी एकंदर रचना आहे. म्हणून एकट्या एलआयसीचे एजंट १३ लाखांच्या वर आहेत, म्युच्युअल फंडांचे वितरक लाखाच्या पुढे, आणि एवढ्या मोठ्या देशात नोंदणीकृत सल्लागार जेमतेम हजाराच्या घरात. यावरून काही शिकायचं असेल तर शिका. तुम्ही शिकणार नाही हे गृहीत धरून पुढे लिहितो.

अभ्यासाचं साहित्य. या एनआयएसएम संस्थेचं रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला भलं मोठं आवार आहे. परीक्षेची वर्कबुकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फुकट आहेत, अधिकृत आहेत आणि प्रश्न त्यांतूनच येतात. त्यामुळे ती वाचण्याचा प्रश्नच येत नाही. पीडीएफ डाउनलोड करून 'अभ्यास' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. मन शांत होतं. मग टेलिग्रामवर जाऊन 'हमखास येणारे ५०० प्रश्न' विकत घ्या. विकणारा स्वतः पास झाला होता का, असले खवचट प्रश्न विचारू नका.

शक्यतो प्रश्नसंच जुना घ्या, स्वस्त पडतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाआधीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्यात शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर आणि एक लाखापर्यंत सूट, असं छापलेलं असेल. आता ते १२.५ टक्के आणि सव्वा लाख झालं आहे, अल्पकालीन नफ्यावरचा कर १५ वरून २० टक्क्यांवर गेला आहे. पण दोन आठवडे घोकून घोकून बसलेलं चुकीचं उत्तर तुम्ही ज्या ठामपणे निवडाल, तो ठामपणा पुढे धंद्यात फार उपयोगी पडतो.

अगदीच अभ्यास करायचा नसेल तर एक गुरुमंत्र देतो. चार पर्यायांतला सर्वांत सज्जन पर्याय बरोबर असतो. नमुना बघा. एका ६३ वर्षांच्या विधवा बाईंना पतीच्या विम्याचे २० लाख मिळाले आहेत. दुसरं उत्पन्न नाही. दरमहा घरखर्चाला रक्कम हवी आहे. सल्लागारानं काय करावं? अ) वीस वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी सुचवावी. ब) गेल्या वर्षी सर्वाधिक परतावा देणारा स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणारा, फंड सुचवावा. क) त्यांच्या गरजा, जोखीम पेलण्याची ताकद आणि तातडीचा निधी समजून घेऊन, नियमित उत्पन्न देणाऱ्या सुरक्षित साधनांचा विचार करावा. ड) बाईंचा मुलगा काय म्हणतो ते करावं.

क. विचारही करू नका. 'समजून घेऊन' दिसलं की टिक करा. 'गिऱ्हाइकाच्या हिताला प्राधान्य' दिसलं की टिक करा. 'सर्व बाबी लेखी उघड करून' दिसलं की डोळे मिटून टिक करा. परीक्षेच्या त्या तीन तासांत तुमच्याइतका सत्शील माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही.

अडचण नंतर येते. समजा, या प्रमाणपत्रांच्या जोरावर तुम्ही एखाद्या बँकेत रिलेशनशिप मॅनेजर म्हणून चिकटलात. मार्च महिना आहे, तारीख २७, टार्गेटच्या तक्त्यात तुमच्या नावासमोरचा रकाना लाल आहे, आणि त्याच बाई मुदत ठेव मोडायला काउंटरवर आल्या आहेत. 'काकू, बसा ना. चहा घेणार?' इथपर्यंत सगळे सारखंच बोलतात. पुढे अ निवडणाऱ्याला जूनमध्ये बढती मिळते. क निवडणाऱ्याला रिव्ह्यू मीटिंगमध्ये उभं करतात. आणि परीक्षेत जे पाव गुण कापले जायचे ते इथे तुमच्या खात्यातून जात नाहीत, काकूंच्या जातात. पॉलिसी नको असेल तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हा नियम तुम्ही पाठ केलेला असतो. तो काकूंना सांगायचा की नाही, यावर मात्र कुठल्याच पेपरात प्रश्न नाही.

आता केसलेट. म्हणजे एका कुटुंबाची कहाणी आणि खाली तिच्यावरचे प्रश्न. या कहाणीतला गृहस्थ नीट न्याहाळून घ्या, आयुष्यात पुन्हा भेटणार नाही. वय ३५, साठाव्या वर्षी निवृत्त होणार. दरमहा खर्च ४०,००० रुपये. विचारल्याबरोबर सांगतो, बायको मान डोलावते. महागाई ६ टक्के, पंचवीसच्या पंचवीस वर्षं, एका वर्षी ५.९ नाही की ६.१ नाही. करा गणित: साठाव्या वर्षी तोच खर्च १ लाख ७१ हजारांच्या पुढे जातो. पटत नसेल तर ७२ ला ६ नं भागा, बारा वर्षांत दुप्पट, चोवीस वर्षांत चौपट. गणित खरंच बरोबर आहे, आणि ते पहिल्यांदा स्वतःच्या घरखर्चावर करून बघाल तेव्हा जेवण जाणार नाही. पण सध्या आपण त्या गृहस्थाबद्दल बोलतोय.

त्याला आईवडील नाहीत, आणि असलेच तर त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. गावाकडे सामाईक सातबारा नाही, त्यावर चुलत्यानं हरकत घेतलेली नाही. मेहुणा असावा, पण तो 'दोन महिन्यांत परत करतो' असं म्हणत नाही. त्याची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली नाही, बिल्डरनं सहा महिन्यांचं भाडं थकवलेलं नाही. मुलीच्या लग्नाला तो आजच्या भावानं २० लाख धरतो, आणि हॉल बघून आल्यावरही ते २० लाखच राहतात. भिशी नाही, पतसंस्थेत अडकलेली ठेव नाही. पगार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो आणि कंपनी बंद पडत नाही. सगळ्यात आश्चर्य म्हणजे, तुम्ही सांगितलेलं तो ऐकतो. 'गणपती झाले की बघू' असं एकदाही म्हणत नाही.

हाच प्रश्न खऱ्या घरात विचारून बघा.

'महिन्याचा खर्च साधारण किती धरायचा?'

'तसा फार नाही हो आपला. तीस-पस्तीस.'

स्वयंपाकघरातून: 'साठ धरा.'

'साठ कुठले?'

'आईंची औषधं कोण धरणार? आणि कारचा हप्ता?'

'कारचा हप्ता खर्चात येतो का?'

हा शेवटचा प्रश्न तुम्हाला उद्देशून असतो आणि दोघंही तुमच्याकडे बघत असतात. वर्कबुकात या टप्प्याला 'माहिती संकलन' म्हणतात. बशीतली चिवड्याची एकेक डाळ वेचून खात दहा-पंधरा मिनिटं काढायची तयारी ठेवा. घरातला वितुष्टाचा मुद्दा नेमका कोणता हे तेवढ्यात कळतं, आणि खरं आर्थिक नियोजन त्याच्याभोवतीच करायचं असतं.

जोखमीच्या धड्याला फार वेळ देऊ नका. जोखीम घ्यायची इच्छा वेगळी आणि ती पेलायची ताकद वेगळी, एवढं लक्षात ठेवा, त्यावर प्रश्न येतोच. म्युच्युअल फंडांच्या जोखीममापकावर जानेवारी २०२१ पासून सहा पायऱ्या आहेत. गिऱ्हाइकांच्या दोनच असतात, 'वाढतंय ना?' आणि 'काढून टाका'. त्यांच्याकडून जी प्रश्नावली भरून घ्यायची असते तिच्यात विचारतात, गुंतवणूक २० टक्क्यांनी पडली तर काय कराल? बाजार तेजीत असताना भरून घ्या. सगळे 'आणखी खरेदी करीन' वर खूण करतात, आणि तो कागद सही घेऊन जपून ठेवायचा असतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी, म्हणजे १३ टक्के कोसळला, तेव्हा ज्यांच्या फायलींत असे कागद होते त्यांचे फोनही दिवसभर वाजतच होते. 'आणखी खरेदी करतो' म्हणायला कोणी केला असेल तर त्याची मला कल्पना नाही.

परीक्षेच्या दिवसाचं फार काही सांगण्यासारखं नाही. पॅनवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळतंय ना, तेवढं आठवडाभर आधी बघा. घरून देणार असाल तर समोर कॅमेरा असतो, आणि आपल्या पिढीला हिशेब करताना पुटपुटायची सवय आहे. 'सात नव्वे त्रेसष्ट' मनातल्या मनात म्हणायचा सराव करून ठेवा, आणि घरच्यांना दार न उघडण्याची ताकीद द्या. 'चहा आणू का?' या प्रेमळ वाक्यानं परीक्षा संशयास्पद ठरू शकते.

पास झालात की प्रमाणपत्र मिळतं, तीन वर्षं चालतं. स्टेटसला लावा. लगेच 'कोणता शेअर घेऊ?' असे मेसेज येतील. त्यांची उत्तरं देऊ नका, नियमात बसत नाही, आणि उत्तर चुकलं तर लग्नकार्यात तोंड लपवावं लागतं. सल्लागार म्हणून नोंदणी केलीत की एकाच गिऱ्हाइकाकडून फी आणि कमिशन दोन्ही घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. केवळ वितरक असाल तर कार्डावर 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार' छापायला २०२० पासून मनाई आहे. जुनी कार्डं शिल्लक असतील तर मागची बाजू किराणा यादीला वापरता येते.

मग पहिलं गिऱ्हाईक शोधा. बाहेर कोणी मिळणार नाही, त्यामुळे नातेवाइकांपासून सुरुवात करा. साताऱ्याची आत्या उत्तम. तिच्याकडे जा, पासबुकं मागवा, ठेवी मांडा, तिच्याकडच्या चार पॉलिसींपैकी कोणत्या बंद कराव्यात ते आकडेमोड करून दाखवा. तिच्या महिन्याच्या खर्चाला किती लागेल, दवाखान्यासाठी वेगळे किती ठेवायचे, नॉमिनी कुठे कुठे राहिलाय, सगळं दोन पानांवर लिहून द्या. तीन तास जातील. शेवटी घसा खाकरून, आत्याच असल्यामुळे अर्धी करून, फी सांगा.

आत्या दोन्ही पानं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवील. 'छान लिहिलंयस हो बाळा. उद्या बँकेत जाणारच आहे, तिथल्या त्या मुलाला एकदा दाखवते. फार गुणी आहे गं बाई तो, एक पैसा घेत नाही.'