मुलांनी विचारावं असं आपल्या घरात काय आहे?

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

दहावीच्या मुलांची टेस्ट क्लासवाले रविवारी सकाळी ठेवतात, हे ठाण्यात आता कुणाला खटकतही नाही. घोडबंदर रोड असो की नौपाडा, वेळ नेमकी उपासनेची. आमच्या मंडळीत मी संडे स्कूल घेते. जून उजाडला की मोठी मुलं दिसेनाशी होतात. आईवडील म्हणतात, "एकच वर्ष आहे हो, मग येईलच." मग अकरावी, मग जेईई-नीट, मग इंजिनिअरिंगला पुणे. पोरगं दिसतं ते थेट नाताळला, नव्या कपड्यांत. आणि हेच आईवडील पाळकसाहेबांना विचारतात, तरुणांसाठी चर्च काही करत का नाही?

स्पष्ट बोलते. विश्वास पुढच्या पिढीकडे जातो तो घरातून. संडे स्कूल, युवक संघ, शिबिरं सगळं हवं, मी स्वतः त्यात राबते, पण ती घराला जोड आहे. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला संडे स्कूल सुरू केलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी, त्यांना निदान वाचता यावं म्हणून. सुशिक्षित आईबापांच्या डोक्यावरचा भार उतरवायला नव्हे. त्याच्याही आधी, १५२९ मध्ये, मार्टिन ल्यूथर यांनी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तेव्हा दहा आज्ञा, मतांगीकार (विश्वासाची कबुली), प्रभूची प्रार्थना या भागांच्या वरच लिहून ठेवलं की घरच्या कर्त्यानं आपल्या माणसांना हे असं शिकवावं.

पण शिकवायचं म्हणजे रोज पोरांना समोर बसवून उपदेश करायचा का? मला तसं वाटत नाही. बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन ओलांडतात आणि नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणतात. कशासाठी? तर पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले, तेव्हा सांगता यावं म्हणून. वल्हांडणाचंही, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाचंही, तसंच. निर्गमाच्या पुस्तकात म्हटलंय, मुलं विचारतील की ही उपासना कसली, मग त्यांना सांगा. म्हणजे आधी मुलाचा प्रश्न, मग बापाचं उत्तर.

असे धोंडे ठाण्यातही आहेत. सेंट जेम्स चर्चचं समर्पण बिशप हेबर यांच्या हातून १८२५ मध्ये झालं. त्याच्याही पाच शतकं आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन संन्यासी याच ठाण्यात विश्वासासाठी मारले गेले. संडे स्कूलमध्ये हे सांगितलं, तर एका मुलाचा लगेच प्रश्न, "टीचर, ते इथे आले कशाला होते?" तो तास सगळा त्या प्रश्नातच गेला, आणि छान गेला.

आता घराकडे या. भिंतीवरचा क्रूस मूल जन्मापासून बघतंय, त्याबद्दल ते काही विचारत नाही. पण बापानं क्लासवाल्याला फोन करून सांगितलं, "रविवारी सकाळी तो येणार नाही, टेस्ट दुसऱ्या दिवशी घ्या," तर मुलगा विचारणारच, "बाबा, असं का?" फ्लॅटच्या व्यवहारात रोखीचा भाग द्यायला आईनं नकार दिला, तर मुलगी विचारेल. वॉचमनवर चिडलेला बाप संध्याकाळी खाली जाऊन त्याची माफी मागून आला, तर घरात सगळेच विचारतील. तिथे बोलायला तोंड उघडतं.

आणि मुलं अवघडही विचारतात. माझ्या भाचीनं विचारलं होतं. आजोबा हॉस्पिटलमध्ये असताना अख्ख्या मंडळीनं प्रार्थना केली, तरी ते गेले. घरच्या प्रार्थनेनंतर ती म्हणाली, "मग प्रार्थना केलीच कशाला?" कुणीतरी लगेच दटावलं, असं बोलू नये, देवाची इच्छा. माझ्या आईनं उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "मलाही नाही कळलं गं. मी रोज विचारते त्याला, भांडतेसुद्धा. पण विचारते त्यालाच." त्या रात्री दोघींची गाडी पार दुःखात देवाला जाब विचारणाऱ्या बायबलमधल्या ईयोबापर्यंत गेली. कुठल्याच संडे स्कूलमध्ये मला इतकं देता आलं नसतं.

मुलांवर लादू नये म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. लादता येतही नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. टिळकांसारख्या माणसालाही तो विश्वास बायकोच्या पदरात टाकता आला नाही, ती तिच्या पावलांनी आली. पण मोठेपणी मूल ठरवेल म्हणून घरात काहीच दिसू द्यायचं नाही, हे मला पटत नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ते काय ठरवणार?

इंग्रजी-मराठीचा वाद मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. गाऊ द्या इंग्रजीत. आमच्याकडे जेवणानंतर पाळीपाळीनं वचन वाचतात, ज्याला जे येईल त्या भाषेत. दानीएलात 'नबुखद्नेस्सर' आला की इंग्लिश मीडियमवाली अडखळतात, सगळे हसतात, आणि वाचन पुढे चालू राहतं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. तेवढी प्रत्येक घरात निघतात.

यंदाच्या कन्फर्मेशनच्या, म्हणजे मुलांनी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गासाठी मी पाळकसाहेबांना एक विनंती केली आहे: काही तास आईवडिलांनीही मुलांसोबत बसावं, आणि मुलांनी प्रश्न टीचरला नव्हे, त्यांना विचारावेत. ते तयार आहेत. आता आईवडिलांनी रविवार मोकळा ठेवायचा आहे.