झिरो माईलपासून जिवतीपर्यंत

बाहेरगावचा पाहुणा आला की आपण नागपूरकर त्याला झिरो माईलला नेतोच. चार घोडे, वालुकाश्माचा खांब, १९०७ सालचा जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या देशभरच्या मोजणीचा दगड. "हा देशाचा मध्य" असं मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं म्हणजे तो उंची मोजण्याचा दगड, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. पण आज मध्याबद्दल नाही, काठाबद्दल लिहायचं आहे.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, गडचांदूर करत जिवतीच्या वर डोंगरात गेलो होतो. महाराष्ट्र आणि तेलंगणा, दोघांनीही आपली म्हटलेली ती १४ गावं इथलीच. एकाच गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन सरपंच. मांडवात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दोन मतदान ओळखपत्रं, दोन राज्यांची. म्हणाले, "मतं दोघांलाबी देतो भाऊ. जमिनीचा पट्टा मातर कुनीच देईना."

तेव्हापासून पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारची आठवण जात नाही. तिकडे बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे होते आणि आपल्या पोटात त्यांचे ५१. दहाला खगराबाडी नावाचं एक तागाचं शेत तर बांगलादेशातल्या भारतातल्या बांगलादेशातला भारत होतं! नकाशाचे शौकीन यावर खूश होतात, मीही व्हायचो. पण भारताने वेढलेल्या त्या बांगलादेशी वस्त्यांमधल्या बाईला बाळंतपणासाठी भारतीय दवाखान्यात जायचं तर नवरा म्हणून शेजारच्या गावातल्या कुणा भारतीयाचं नाव लावावं लागे. हे वाचल्यापासून तो नकाशा मला गमतीचा वाटत नाही. तुकड्यांच्या अदलाबदलीचा करार १९७४ चा, घटनादुरुस्ती २०१५ ची. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री ते तुकडे बदलले गेले आणि कुठल्या देशाचं व्हायचं ते माणसांना निवडता आलं. ४१ वर्षं लागली, पण झालं. दोन देशांना जमलं ते.

इथे तर देश एकच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दोन्हीकडून योजना वाटल्या म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. दोन रेशनकार्डांचं कौतुक बातम्यांत होतं. ज्याच्या नावावर वावर नाही त्याला बँक पीककर्ज देत नाही, याची बातमी कुठे होते? २७ डिसेंबर २०२२ ला आपल्याच शहरात, हिवाळी अधिवेशनात, सीमाभागाचा ठराव एकमताने झाला. बेळगावसाठी झाला, व्हायलाच हवा होता. तेवढाच जोर जिवतीसाठी लावा. आधी पट्टे द्या, मोजणी करा, सातबारा हातात द्या.

निघताना मामांनी दोन्ही कार्डं परत त्या पिशवीत घातली, रबर लावलं. त्यांच्या वडिलांनी तोडून काढलेलं वावर मांडवाच्या मागेच होतं, तूर फुलावर आलेली.