जीव कधी येतो आणि सही कुणाची लागते

गर्भात जीव पहिल्या दिवसापासून असतो, हे मला मान्य आहे. आणि तरीही गर्भपाताचा निर्णय बाईचाच असावा, असं माझं ठाम मत आहे. अनेकांना यात विसंगती दिसते, मला नाही दिसत.

त्या पेशी जिवंत असतात, माणसाच्याच असतात, त्यावर काय भांडायचं? भांडण आहे ते त्या जिवाचा हक्क आईच्या हक्काच्या तोडीस कधी येतो याचं. आणि आपल्याकडे यावर कधी एकमत नव्हतं. चरकाच्या मते शुक्र, शोणित आणि जीव एकत्र आले की गर्भ. गर्भोपनिषद म्हणतं, जीव येतो सातव्या महिन्यात. भ्रूणहत्येला महापातक म्हटलंय, ते मी लपवत नाही. पण सुतक मोजताना तीच परंपरा चौथ्या महिन्यापर्यंत 'स्राव' म्हणते, पाचव्या-सहाव्यात 'पात', त्यापुढे थेट बाळंतपण. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या आजीला हे तोंडपाठ होतं. महिन्यागणिक वजन वाढतं, एवढं तिला कळत होतं.

माझंही तेच म्हणणं आहे. वजन वाढत जातं, म्हणून सुरुवातीला बाईला अडवू नका.

आपण मात्र नेमके तिथेच अडवतो. आपल्याकडे गर्भपाताचा हक्क आहे असं लोकांना वाटतं. 1971 चा कायदा नीट वाचा. 'मला नको' हे कारण त्यात नाहीच, डॉक्टरचं मत लागतं. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारणसुद्धा 2021 च्या दुरुस्तीपर्यंत फक्त लग्न झालेल्या बाईसाठी होतं.

आणि जे कायद्यात नाही ते काउंटरवर असतं. भाचीला घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेले होते. कडेवर दीड वर्षाचं पोर, त्यात पुन्हा दिवस गेलेले, जेमतेम सात आठवडे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मिस्टरांची सही लागते नं ताई."

"कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

तिनं आतल्या केबिनकडे पाहिलं. "आमच्याकडे असंच आहे."

नवरा नोकरीला पुण्यात, त्याची काही हरकत नव्हती. हरकत माझी होती. सज्ञान बाईची संमती फॉर्म सी वर घेतात, त्यावर तिचीच सही पुरते. नवऱ्याची नको, सासूची तर नकोच नको. अशा सह्या गोळा करण्यात आठवडे जातात आणि नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांनी भागलं असतं ते क्युरेटिंगवर जातं. गर्भाच्या जिवाची ज्यांना एवढी कळकळ, त्यांना हा उशीर कसा चालतो?

माझ्या मताची खरी पंचाईत वेगळीकडे होते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. मुलगी म्हणून केलेल्या गर्भपातांवरही सह्या बायकांच्याच असणार! 'मुलगी नको' हा बहुतेक वेळा सासरचा निर्णय असतो, तिच्या तोंडून वदवलेला. क्वचित तो तिचा स्वतःचा असेल, तरी मी त्याच्या बाजूनं उभी राहणार नाही. लिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा हवाच. फक्त त्याच्या धाकानं सात आठवड्यांच्या बाईला परत पाठवू नका; तेव्हा सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसतही नाही.

दुसरी पंचाईत ऑक्टोबर 2023 ची. दोन मुलांची आई, गर्भ 26 आठवड्यांचा. सुप्रीम कोर्टानं आधी परवानगी दिली, मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं की बाळ जगू शकतं, ठोके थांबवायचे का? दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, शेवटी तिघांच्या पीठानं नकार दिला. मन कचरतं, पण मी कोर्टाच्या बाजूला झुकते. बाळ बाहेर जगू शकत असेल, तर बाईची सुटका आणि बाळाचा मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

पण ती एवढी उशिरा का आली? अंगावर पाजत होती, पाळी आलीच नव्हती, म्हणून कळलंच नाही. पाजत असताना पाळी नसली तरी दिवस राहू शकतात, हे आपल्याकडे किती लेकी-सुनांना कुणी सांगतं? आमच्या नागपुरातली सरकारी रुग्णालयं घ्या, डागा असो, मेयो असो की मेडिकल, बाळंतीण घरी निघाली की तिला आणि नवऱ्याला समोर बसवून एवढं सांगा. नवऱ्याची सही घ्यायची हौसच असेल, तर ती तिथे घ्या.