तुमच्या कॅबिनेटबद्दल: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज सकाळी शॉपवर आल्यावर तुमची फाइल, आमचं जॉब कार्ड आणि तुमच्या कामातून उरलेला पत्रा समोर ठेवून पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सरांनी सहा महिने घरी खपून मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराच्या मदरबोर्डसाठी १० लिटरच्या आतलं पीसीचं कॅबिनेट स्वतः आखलं, पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, डीएक्सएफ फाइल (मशीनला द्यायचं ड्रॉइंग) काढली आणि कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंगचं (पावडरच्या रंगाचं) काम भोसरीला आमच्याकडे दिलं. त्यांची तक्रार अशी: कव्हरची भोकं जुळत नाहीत, मागच्या पोर्टांची खिडकी बोर्डला बसत नाही, आट्यांत रंग भरलाय, पत्रा १.२ मिमीपेक्षा पातळ वापरला, १० दिवस सांगून १९ लावले, आणि फोन केल्यावर "ड्रॉइंगप्रमाणेच केलंय" एवढंच ऐकवलं. शिवाय मधेच एका ओळीत लिहिलंय की चालू पीसीच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात.

त्या झिणझिण्यांपासूनच सुरुवात करतो, बाकीचं थांबू शकतं. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) आत मेन लाइन आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून येणारा किंचित करंट तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला जायचा असतो. सॉकेटला अर्थिंगच नसेल, किंवा मधे दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड असेल, तर त्याला जायला वाट राहत नाही. मग बॉडी २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते आणि हाताला मुंग्या आल्यासारखं होतं. करंट अगदी थोडा असतो, पण म्हणून ते तसंच चालवू नका. पीसी बंद ठेवा, प्लग काढा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. यात आमचाही एक भाग आहे. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. त्यामुळे एसएमपीएस जिथे टेकतो तिथे, बोर्ड ज्यांवर बसतो त्या छोट्या खांबांखाली (स्टँडऑफ) आणि कव्हरच्या स्क्रूपाशी पत्रा उघडा राहिला पाहिजे, म्हणजे सगळी बॉडी एकसंध अर्थ होते. आम्ही कुठेच मास्किंग केलं नाही, म्हणजे रंग लागू नये म्हणून जागा झाकली नाही. तुम्ही मागितलं नव्हतं हे खरं, पण कंट्रोल पॅनलच्या दारांना आम्ही अर्थिंगचा स्टड रोज मास्क करून देतो. इथे ते आमच्या लक्षात यायला हवं होतं.

आता कव्हर. पत्रा वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि कोपरा गोलाईत येतो. म्हणून दोन्ही बाजूंची बाहेरची मापं नुसती मिळवून सपाट पट्टी काढली तर तयार नग मोठा होतो. १.२ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्याला, आमच्या डायवर (वाकवायच्या साच्यावर), ९० अंशांच्या एका बेंडमागे साधारण २ मिमी वजा करावे लागतात. तुमच्या फाइलमध्ये पुढची बाजू, तळ आणि मागची बाजू सरळ बेरजेने एका पट्टीत मांडली आहे. पुठ्ठ्यावर हे कधीच कळणार नाही, कारण घडीच्या जागी आपण पट्टी लावून तो आधीच चेपतो आणि मॉडेल छान जुळतं. आमच्या ऑपरेटरने पुढची आणि मागची बाजू मशीनच्या गेजला (मापाच्या थांब्याला) लावून अचूक घेतली, त्यामुळे दोन बेंडचे ४ मिमी सगळे तळात गेले आणि ३३० चा तळ ३३४ झाला. कव्हर त्या दिशेला वाकतच नाही, ते ३३० च राहिलं. मग स्क्रूची भोकं कशी जुळणार?

म्हणजे मूळ चूक ड्रॉइंगमधली आहे, आणि फोनवर तुम्हाला जे सांगितलं गेलं ते अक्षरशः खोटं नाही. तरीही ते उत्तर मला मान्य नाही. आमच्याकडे बहुतेक काम पॅनलवाल्यांचं असतं. पन्नास-शंभर नगांची ऑर्डर येते, पहिला नग वाकवून मापला जातो, बिघडला तर स्क्रॅपमध्ये जातो, फाइल सुधारली जाते आणि पुढचे नग सुरळीत निघतात. तुमच्या कामात मात्र पहिला नग हाच शेवटचा नग होता. त्याला मापून पाहायची पायरीच आम्ही ठेवली नाही. फाइल लेझरला लावण्याआधी "सर, ही मापं बाहेरची की सपाट?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर तुमचे १९ दिवस आणि माझा पत्रा दोन्ही वाचलं असतं. बेंडचा हिशोब घरी बसून ड्रॉइंग करणाऱ्याला माहीत असावा अशी अपेक्षा मी धरू शकत नाही. तो डाय आणि पत्र्यानुसार बदलतो, आणि डाय माझ्या शॉपमध्ये आहे.

पोर्टांच्या खिडकीबद्दल तर तुमची काहीच चूक नाही. तुम्ही १५८.७५ × ४४.४५ मिमीची खिडकी बरोबर दिली होती, स्टँडऑफची उंची ६.५ मिमी लिहिली होती आणि त्यावरून खिडकीची जागाही नेमकी काढली होती. आमच्याकडे त्या दिवशी ८ मिमीचे स्टँडऑफ होते, तेच न विचारता ठोकले. बोर्ड दीड मिमी वर गेला आणि केबलची पिन पत्र्याला घासू लागली. दीड मिमी फार वाटत नाही, पण तिथे तेवढ्यानेच अडतं. ही सर्वस्वी आमची चूक आहे, माफ करा.

आट्यांचंही तेच. एसएमपीएसला ६-३२ चे स्क्रू लागतात. कोटिंगला पाठवताना त्या भोकांत सिलिकॉनची बुचं घालायला हवी होती, ती राहिली. रंग भरलेल्या आट्यांत जोर लावून स्क्रू फिरवू नका, आटे जातील. आणि शेजारच्या दुकानातून एम३ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणून साफ करायला जाऊ नका. दोन्ही स्क्रू दिसायला जवळपास सारखे असले तरी त्यांचे आटे वेगळे आहेत.

पत्रा पातळ वापरल्याचा आरोप मात्र मी मान्य करत नाही. उरलेल्या तुकड्याला व्हर्नियर लावला, १.१८ मिमी भरला. १.२ च्या पत्र्यात एवढा फरक येतोच. कव्हर दाबल्यावर लवतं हे तुम्ही बरोबर लिहिलंय, पण त्याचं कारण वेगळं आहे. दोन्ही बाजूंना हवेसाठी पार कडेपर्यंत खाचा पाडल्या आहेत आणि कडेला दुमड नाही. सपाट पत्र्याला ताठपणा येतो तो दुमडीमुळे. खाचा कडेपासून १५ मिमी आत थांबवल्या आणि खालच्या कडेला १० मिमीची दुमड घेतली तर याच पत्र्यात कव्हर ताठ उभं राहील. विश्वास बसत नसेल तर आतल्या कोपऱ्यात थोडा रंग खरवडून कुठल्याही वर्कशॉपमध्ये मापून घ्या. रंगासकट मापू नका. पावडरचा थर एका बाजूला ६० ते ८० मायक्रॉन असतो, त्याने माप वाढून दिसेल आणि आमच्याच बाजूने खोटा पुरावा तयार होईल.

उशीर झाला तो रंगामुळे. तुम्ही निवडलेला फिका हिरवा रोजच्या कामात चालत नाही. काळा आणि राखाडी दररोज मारला जातो, पण एका कॅबिनेटसाठी कोटिंगवाला सगळा बूथ धुऊन रंग बदलत नाही, त्या रंगाचं आणखी काम जमेपर्यंत थांबतो. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर काळा घ्यायचा की थांबायचं हे तुम्ही ठरवलं असतं. न सांगता १० दिवसांचा वायदा करणं चुकलंच.

फोनवर तुमच्याशी बोलणाऱ्या मुलाशी मी बोललो आहे. त्याला कॅबिनेट म्हणजे एक छोटा जॉब वाटला. तुमचं पुठ्ठ्याचं मॉडेल त्याने पाहिलेलंच नव्हतं, मी पाहिलं होतं. ग्राफिक्स कार्डच्या पॉवर केबलला वळायला ३५ मिमी जागा सोडलेली, एसएफएक्स (छोट्या आकाराचा) पॉवर सप्लाय आडवा घेऊन वाचवलेली उंची, पंख्याच्या भोकांचं १०५ मिमी अंतर पेन्सिलीने दोनदा तपासलेलं. इतकं जीव लावून केलेलं काम आमच्याकडे येऊन अडलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून असं करूया. चेसिस आणि कव्हर दोन्ही आम्ही आमच्या पत्र्यात, आमच्या खर्चाने नव्याने करतो, कोटिंगसकट. फाइल तपासणीचे म्हणून घेतलेले ५०० रुपये परत करतो, कारण ती तपासणी झालीच नव्हती. येताना मदरबोर्ड, एसएमपीएस आणि शक्य असेल तर ते मॉडेल घेऊन या. आधी कागदावर १:१ प्रिंट काढू, त्यावर बोर्ड ठेवून भोकं पाहू, मग बिनरंगाचा नग वाकवून त्यात सगळं बसवून बघू. तुम्ही हो म्हटल्यावरच तो कोटिंगला जाईल. काळा रंग चालत असेल तर सहा दिवस, तोच हिरवा हवा असेल तर तारीख कोटिंगवाल्याला विचारूनच सांगेन. घरून फाइल आणणाऱ्या प्रत्येकासाठी आता हीच पद्धत ठेवली आहे, आणि जॉब कार्डवर "मापं बाहेरची की सपाट" असा रकाना आजच छापून घेतला.

शॉप गुरुवारी बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी अकरानंतर या, मी स्वतः असेन. पण त्याआधी ते अर्थिंग तपासून घ्या.